प्रोबच्या टोकावरची लाट

दरवर्षी नवी बॅच प्रयोगशाळेत आली की पहिल्या-दुसऱ्या प्रॅक्टिकललाच कुणीतरी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विद्युतदाबाचा आलेख पडद्यावर काढणाऱ्या यंत्राच्या, प्रोबला, म्हणजे मोजणीच्या वायरच्या उघड्या टोकाला, बोट लावतं. पडद्यावर लगेच एक लाट उभी राहते. फारशी सुबक नसते, शेंडे जरा वाकडे असतात, पण ठेका पक्का. मग हाक येते, "मॅडम, कशालाच जोडलेलं नाहीये, तरी हे काय दिसतंय?"

मी उत्तर सांगत नाही. "दोन शेंड्यांमधलं अंतर मोज," एवढंच म्हणते. पडद्यावरच्या चौकटी मोजल्या जातात. वीस मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला किती? पन्नास. इथे सगळ्यांच्या माना एकदम भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे वळतात. वर्षानुवर्षं मी हे बघतेय आणि मला अजूनही त्याचा कंटाळा आलेला नाही.

भिंतीतून, छतातून फिरणाऱ्या वायरिंगमधली 50 हर्ट्झची वीज कुठेही न शिवता आपल्या अंगावर थोडासा विद्युतदाब उमटवत असते. आपलं शरीर म्हणजे एक ओबडधोबड अँटेनाच. घरात, ऑफिसात, बसच्या थांब्यावर ट्यूबलाइटखाली उभे असतानाही ही लाट आपल्या अंगावर असते. स्कोपचा इनपुट फार संवेदनशील, म्हणून तिथे ती दिसते एवढंच.

मी सेन्सर शिकवते, आणि सेन्सरबद्दल बाहेरच्या माणसाची समजूत बहुतेक वेळा उलटी असते असा माझा अनुभव आहे. लोकांना वाटतं, सेन्सर अजून तीक्ष्ण कसा करायचा, हा खरा प्रश्न. तीक्ष्ण सेन्सर आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते ऐकतात भरपूर, नको तेवढं ऐकतात. त्यातलं आपल्या कामाचं कोणतं आणि बाकीचं कुठून आलं, हे ठरवण्यात माणसांची अख्खी कारकीर्द जाते. या 'बाकीच्या'ला आमच्या क्षेत्रात सरसकट नॉइज म्हणतात. एकच शब्द असल्यामुळे तो एकच प्रकार वाटतो आणि तिथेच गफलत होते. प्रत्येक नॉइजचा स्वभाव वेगळा, जन्म वेगळा. जन्म कळला तरच उपाय सापडतो.

बोट लावल्यावर दिसणारी लाट हा त्यातला सगळ्यात सरळ प्रकार, कारण तिचा ठेका आपल्याला आधीच ठाऊक असतो. ईसीजी काढताना दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना चिमटे लावतात, छातीवर वाट्या लावतात. हृदयाचा सिग्नल त्वचेवर येईपर्यंत जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतो आणि अंगावरची 50 हर्ट्झची लाट त्याहून कितीतरी मोठी असते. पण ती सगळ्या अंगावर जवळजवळ सारखीच असते, हृदयाचा सिग्नल मात्र डाव्या हाताला वेगळा आणि उजव्या हाताला वेगळा. म्हणून यंत्र दोन ठिकाणांमधला फरक घेतं. सारखं ते कटतं, वेगळं ते उरतं. उजव्या पायाचा चिमटा तर हृदय मोजतच नाही. सगळ्या अंगावर जी सामाईक लाट आहे ती यंत्र उलटी करतं आणि त्या चिमट्यातून परत शरीरात सोडतं, म्हणजे मूळ लाट तिथल्या तिथे बरीचशी मिटते. पुढच्या वेळी ईसीजी काढाल तेव्हा त्या चिमट्याकडे जरा आदराने बघा.

आता दुसरा प्रकार. हा मिटत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुट्ट्या पैशांत मिळणारा एक मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला रोध करणारा छोटा भाग, घ्या. बॅटरी जोडू नका, काहीच करू नका, नुसता टेबलावर ठेवा. त्याच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाब असायचं काही कारण नाही. तरी तो असतो. वारंवारतेच्या 10 किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात मोजलात तर साधारण 13 मायक्रोव्होल्ट, सतत वरखाली होणारा, कसलाही ठेका नसलेला. रेझिस्टर खोलीच्या तापमानाला आहे म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन धक्काबुक्की करत इकडेतिकडे पळतायत. एखाद्या क्षणी या टोकाकडे चार जास्त, दुसऱ्या क्षणी त्या टोकाकडे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी ही थरथर मोजली आणि 1928 साली हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोघेही मूळचे स्वीडनचे. त्या गणितातली विलक्षण गोष्ट अशी की रेझिस्टर कार्बनचा आहे की धातूचा, स्वस्त की महाग, याला त्यात जागाच नाही. तापमान, रोध आणि पट्ट्याची रुंदी, एवढंच. उत्तम माल घेऊन ही थरथर कमी होत नाही. थंड करा, नाहीतर सहन करा.

सहन करायची एक रीत मात्र आहे, आणि ती मी पालखीवरून समजावते. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा रस्त्यावर हजारो माणसं आपापसात बोलत असतात. त्या बोलण्याचा कलकलाट होतो, पण माणसं दुप्पट झाली म्हणून कलकलाटाची लाट दुप्पट उंच होत नाही, कारण एकाचा आवाज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरलेला असतो. तेवढ्यात एक दिंडी येते. शंभर टाळकरी, एक ठेका. इथे प्रत्येक टाळ आधीच्या टाळावर चढतो. शंभर टाळांची लाट एका टाळाच्या शंभरपट होते. शंभर जणांच्या विस्कळीत बोलण्याची लाट मात्र सरासरीने फक्त दहापट होते, म्हणजे शंभरचं वर्गमूळ. हा वर्गमुळाचा नियम सिग्नल शोधणाऱ्यांचा सगळ्यात मोठा आधार आहे. एकच मोजमाप शंभरदा करून सरासरी काढा, विस्कळीत नॉइज दहाव्या हिश्शावर येतो. दहा हजार वेळा करा, शंभराव्या हिश्शावर.

हा नियम किती ताणता येतो ते पाहायचं तर खोडदला जावं. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावातून पूर्वेला वळलं की शेतांच्या मधोमध 45 मीटर व्यासाचे अवाढव्य वाडगे आकाशाकडे तोंड करून उभे दिसतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आपली जीएमआरटी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. एकूण 30 अँटेना. 14 मधल्या भागात जवळजवळ, उरलेले तीन भुजांवर, सगळे मिळून 25 किलोमीटरपर्यंत पसरलेले. जवळ गेलं की पहिलं आश्चर्य हे की वाडगा भरीव नाही. स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवलीय. जाळीतून पलीकडचे ढग दिसतात, वारा आरपार जातो. पण मीटरभर लांबीच्या रेडिओलहरीसाठी ती जाळी म्हणजे भिंत.

रेडिओ खगोलशास्त्रात तेज मोजायचं एकक आहे जान्स्की. कार्ल जान्स्की हेही बेल प्रयोगशाळेतलेच. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. बरीचशी खरखर विजांच्या कडकडाटाची निघाली, पण एक हलका फुसफुसाट काही जाईना. तो रोज चढायचा-उतरायचा, आणि दर 24 तासांनी नाही, 23 तास 56 मिनिटांनी. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती एक फेरी घेते तो हा वेळ. म्हणजे नॉइज आकाशगंगेतून येत होता. 1933 साली हे जाहीर झालं आणि रेडिओ खगोलशास्त्र सुरू झालं. चार मिनिटांच्या फरकावरून त्यांनी नॉइजचं गाव शोधलं.

तर एक जान्स्की म्हणजे किती? जीएमआरटीच्या एका अँटेनावर एक जान्स्कीचा स्रोत आला तर रिसीव्हरला जणू तापमान एक तृतीयांश केल्विनने वाढल्यासारखं भासतं. आणि रिसीव्हरचा स्वतःचा व आजूबाजूच्या आकाशाचा नॉइज मिळून असतो 100 केल्विनच्या घरात. सिग्नल नॉइजच्या तीनशेव्या हिश्शाचा, आणि अभ्यासाच्या कित्येक दीर्घिका एका जान्स्कीच्या हजाराव्या हिश्शाच्याही खाली. इथे वर्गमूळ कामाला येतं. 100 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एक सेकंद ऐकला म्हणजे दहा कोटी स्वतंत्र मोजमापं झाली, वर्गमूळ दहा हजार. 100 केल्विनचा नॉइज एका सेकंदात 0.01 केल्विनवर आला. तासभर ऐका, वर्गमूळ सहा लाख.

शिवाय अँटेना एकटा नाही. दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी गुणून सरासरी काढली तर दोघांत जे सारखं आहे, म्हणजे आकाशातून आलेलं, तेच उरतं. प्रत्येकाच्या रिसीव्हरची थरथर त्याची त्याची, तिचा दुसऱ्याशी मेळ नाही, ती विरत जाते. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात, आणि त्या सगळ्यांचा गुणाकार सतत चालू असतो. ईसीजीमध्ये वेगळं ते ठेवलं, सारखं ते टाकलं. इथे नेमकं उलट. कारण तिथे नॉइज सामाईक होता, इथे सिग्नल सामाईक आहे.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन भरतं, जुन्नर-आंबेगावची शाळकरी पोरं बस भरभरून येतात. जमेल त्यांनी जरूर जावं. आत मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते शिस्तीखातर नाही. 2जीच्या जमान्यातला एक वॅटने प्रक्षेपण करणारा फोन चंद्रावर नेऊन ठेवला तर इथून तो कित्येक शे जान्स्कीचा दिसेल. सूर्य सोडला तर इतके तेजस्वी रेडिओ स्रोत सबंध आकाशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. आणि हा फोन चंद्रावर नसतो, तो खिशात असतो.

म्हणजे इथे तिसरा प्रकार आला, माणसाने केलेला नॉइज. त्यातला मोबाइल किंवा एफएम स्टेशन निदान आपापल्या पट्टीत राहतं, तेवढी पट्टी सोडून देता येते. खरा त्रास ठिणगीचा. शेतातून जाणाऱ्या विजेच्या लाइनवर एखादा जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, ढिला असतो, एखादा इन्सुलेटर तडकलेला असतो. तिथे बारीक ठिणग्या पडतात. डोळ्यांना दिसतीलच असं नाही, पण ठिणगी क्षणभराची असल्यामुळे तिची ऊर्जा एकाच वेळी फार रुंद पट्ट्यात पसरते आणि कोणतीच पट्टी सुटत नाही. तिचा ठेका तपासला तर ठिणग्यांचे झुबके साधारण दर दहा मिलिसेकंदांनी येतात. प्रत्येक फेऱ्यात विद्युतदाब दोनदा शिखरावर जातो, एकदा वर, एकदा खाली, आणि ठिणगी शिखराजवळ पडते. म्हणजे प्रोबच्या टोकावरची तीच लाट वेष बदलून खोडदला पोचली.

सरासरीचं हत्यार इथे बोथट आहे. समजा सात मोजमापं आली: 10, 11, 9, 10, 12, 11 आणि ठिणगीचं 500. सरासरी येते 80च्या आसपास, आणि 80 हा आकडा खऱ्या सिग्नलचाही नाही, ठिणगीचाही नाही. 'सरासरीपासून फार दूरचं ते फेकून द्या' म्हणावं, तर एकट्या ठिणगीने सरासरी स्वतःकडे ओढून घेतलेली असते आणि 'फार दूर' म्हणजे किती तेही बिघडवलेलं असतं. दहावीच्या पुस्तकातला मध्यक आठवतो? आकडे चढत्या क्रमाने लावा, मधला उचला: 11. आता प्रत्येक आकडा 11पासून किती लांब आहे ते लिहा आणि त्या अंतरांचाही मध्यक काढा: 1. ठिणगी 500ची असो की 50 हजारांची, हे दोन आकडे हलत नाहीत. मग 500ला बाहेर काढायला शंका उरत नाही. जीएमआरटीच्या रिसीव्हरमध्ये ठिणग्या गाळायला नेमकं हेच तत्त्व वापरलं आहे.

तत्त्व दहावीचं असलं तरी ते यंत्रात उतरवणं भलतं अवघड आहे. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि 'पट्ट्याच्या दुप्पट वेगाने नमुने घ्या' हा नियमही नायक्विस्ट यांच्याच नावाने ओळखला जातो. एवढे आकडे येत असताना ते क्रमाने लावत बसायला वेळ कुठला? म्हणून क्रम लावायचाच नाही. आकड्यांचे खण पाडायचे, कोणत्या खणात किती पडले याची फक्त मोजदाद ठेवायची आणि निम्मी संख्या कुठे पूर्ण होते तो खण शोधायचा. हे सगळं चिपच्या आत, वाहत्या सिग्नलवर. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि खगोलशास्त्र यांच्यामध्ये मला कधी रेघ मारता आली नाही ती यामुळेच. आणि गाळणी कितीही चांगली असली तरी ढिला जंपर शोधायला कुणीतरी अँटेना घेऊन लाइनखालून खांबामागून खांब चालत जावंच लागतं. जंपर घट्ट झाला की हजार गाळण्यांचं काम एका पान्याने होतं.

गाळणीत एक धोका दडलेला आहे आणि तो आजचा चालू संशोधनाचा प्रश्न आहे. खऱ्या आकाशातूनही मिलिसेकंदाचे स्फोट येतात. ते ठिणगी समजून फेकले गेले तर? इथे विश्वच मदत करतं. लांबून आलेली लहर वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमधून येते आणि त्यात कमी वारंवारतेचा भाग जास्त रेंगाळतो, कधी कधी काही सेकंद मागे पडतो. गावातल्या ठिणगीला असा उशीर होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं असे काही स्फोट दिसत होते ज्यांच्यात हा उशीर होता आणि तरी ते आकाशातले वाटत नव्हते. 2015मध्ये उलगडा झाला. परिसरातला मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच दार उघडलं की ते उमटायचे.

इथपर्यंतचे नॉइज वेगाने येणारे-जाणारे होते. मला स्वतःला जास्त छळतो तो सावकाश सरकणारा नॉइज, आमच्या भाषेत ड्रिफ्ट. त्याच्यापुढे सरासरी पूर्ण हतबल असते. काटा सरकलेल्या तराजूवर शंभरदा वजन करा, चुकीचं उत्तरच अधिक खात्रीने मिळेल.

दोन विद्यार्थिनींनी प्रोजेक्टसाठी हवेतल्या सूक्ष्म धुळीचा, पीएम 2.5चा, एक स्वस्त सेन्सर बाल्कनीत बसवला होता. काडेपेटीहून थोडा मोठा डबा. आत छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा किरण त्या हवेतून जातो, कणांवरून विखुरलेला प्रकाश एक डोळा मोजतो. हिवाळ्यात आकडे समजुतीला धरून होते. जुलैत, पाऊस थांबून ढग खाली उतरलेल्या सकाळी, आकडा इतका चढला की त्यांना वाटलं खाली कुणी कचरा जाळतंय. खाली कुणी नव्हतं. धुळीच्या पुष्कळ कणांत क्षार असतात. ओलसर हवेत, पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी धरतं तसं, हे कण पाणी धरून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश उडवतो. सेन्सरला तो मोठा धुळीचा कण वाटतो, खरं तर त्यात बरंचसं पाणी असतं. अधिकृत केंद्रांवर जी महागडी यंत्रं असतात त्यात आत येणारी हवा आधी तापवून कोरडी करतात, धूळ एका पट्टीवर जमवतात आणि तिच्यातून बीटा किरण किती अडतात यावरून वजन काढतात. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवेच्या गुणवत्तेची सफर ही यंत्रणा उभी केली. अशा पक्क्या मोजमापाशेजारी ठेवल्याशिवाय स्वस्त सेन्सरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, असं मी ठामपणे सांगते.

त्या दोघींनी मग मशीन लर्निंगचा मार्ग धरला. हिवाळ्याचा डेटा देऊन मॉडेल शिकवलं, हिवाळ्यात ते सुरेख चाललं, पावसाळ्यात सपशेल आपटलं. मॉडेलने पाऊस पाहिलाच नव्हता. त्याच्या अनुभवात आकडा चढणं म्हणजे धूर, एवढाच अर्थ होता. शेवटी डब्याशेजारी आर्द्रतेचा छोटा सेन्सर बसवला, त्याचा आकडाही मॉडेलला दिला, डेटात पावसाळ्याचे आठवडे घातले, तेव्हा गाडी रुळावर आली. इंटेलिजंट सेन्सिंग या शब्दाचा आज फार बोलबाला आहे. त्यातली बुद्धी माझ्या मते या दुसऱ्या सेन्सरमध्ये होती. धूळ मोजायला एक सेन्सर, आणि धुळीच्या मोजमापाला फसवणाऱ्या ओलाव्यावर नजर ठेवायला दुसरा. एका शहरात किंवा एका ऋतूत शिकलेलं मॉडेल दुसरीकडे कसं टिकवायचं, आणि आपण न पाहिलेल्या परिस्थितीत आहोत हे त्याला स्वतःला कसं कळावं, हे प्रश्न जगभर सुटायचे बाकी आहेत. नव्या मुलामुलींना काम करायला इथे भरपूर जागा आहे.

ड्रिफ्टवरचा जुना आणि नामी उपाय अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांचा, 1946 सालचा. रिसीव्हर कधी आकाशाकडे, कधी माहीत असलेल्या तापमानाच्या वस्तूकडे, असा भराभर फिरवत राहायचा आणि फक्त फरक नोंदवायचा. रिसीव्हर सरकला तर दोन्हीकडे सारखाच सरकतो. पण तुलनेला दुसरी वस्तूच नसेल तर? पल्सार हे आकाशातले फिरते तारे घड्याळासारखे नेमाने स्पंद पाठवतात. अब्जावधी सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताना अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-दाबणाऱ्या ज्या गुरुत्वीय लहरी सोडतात त्यांनी हे स्पंद किंचित मागेपुढे व्हायला हवेत, पण त्या लहरींचा एक हेलकावा वर्षानुवर्षांचा असतो. घड्याळाचाच ड्रिफ्ट असेल तर ओळखायचं कसं? उत्तर पुन्हा जोड्यांमध्येच. लहर खरी असेल तर दोन पल्सारांच्या चुकांमधला मेळ त्यांच्या आकाशातल्या कोनानुसार ठरावीक पद्धतीने बदलायला हवा. 2023च्या जूनमध्ये जगभरच्या गटांनी अशा मेळाचे पुरावे मांडले. त्यात जीएमआरटी वापरणारा भारतीय गट युरोपीय गटाबरोबर होता. कमी वारंवारतेवर इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर ठळक दिसतो, त्यामुळे तो अचूक मोजून वजा करायला खोडदचे अँटेना उपयोगी पडले.

शेवटचा प्रकार असा की ज्याचं कारण कळूनही तो जात नाही. प्रकाश फोटॉनांच्या थेंबांनी येतो. पत्र्यावर पाऊस एकसारखा पडत असला तरी टपटप विस्कळीतच असते, तसंच हे. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर फिरतो आणि भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून लहान फरक शोधतो. या टपटपीवर मात करायला लेझर वाढवावा, तर वर्गमुळाच्या नियमाने टपटप तुलनेने कमी होते, पण आता तेच फोटॉन आरशांना विस्कळीत धक्के मारायला लागतात. क्वांटम नियम दोन्हीकडून कोंडी करतात. यावर 2019पासून स्क्वीझ्ड प्रकाश वापरतात. कणकेचा गोळा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. अनिश्चितता नाहीशी करता येत नाही, पण जी बाजू आपण मोजत नाही तिकडे ढकलता येते. अडचण अशी की उंच वारंवारतेला एक बाजू नको असते, खालच्या वारंवारतेला दुसरी. म्हणून 2023पासून 300 मीटर लांबीच्या एका वेगळ्या पोकळीतून तो प्रकाश आधी फिरवून आणतात, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला हवी ती बाजू दाबली जाते.

इतकं करूनही सिग्नल नॉइजमध्ये बुडालेलाच असतो. तो बाहेर काढायची एक पद्धत आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांची लहर कशी दिसेल याचे नमुने आधीच गणिताने तयार ठेवायचे आणि डेटावरून एकेक नमुना सरकवत मेळ पाहायचा. ठेका माहीत असेल तर कलकलाटातही दिंडी ओळखू येते. या नमुन्यांची निवड कशी करावी यावर आयुका या पुण्यातल्या संस्थेचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991मध्ये शोधनिबंध लिहिला. पहिली लहर सापडली 14 सप्टेंबर 2015ला. चोवीस वर्षं.

आणि तरीही प्रत्येक यंत्राला त्याच्या परिसराचे नॉइज असतात. अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगोत एकदा विचित्र टकटक नोंदली गेली. यंत्राभोवती मायक्रोफोन, भूकंपमापक, चुंबकमापक पेरलेले असतात, त्यातल्या मायक्रोफोनने पत्ता सांगितला. थंड पाइपवर जमलेल्या बर्फावर तहानलेले डोमकावळे चोची मारत होते. आमच्या बाल्कनीतल्या आर्द्रतेच्या सेन्सरचं जे काम, तेच या मायक्रोफोनचं.

मशीन लर्निंगमधल्या न्यूरल नेटवर्कचा सगळ्यात शहाणा वापर मला इथेच दिसतो. त्याला लायगोचा मुख्य सिग्नल देऊन 'साफ कर' असं सांगत नाहीत, कारण ते गुरुत्वीय लहरच पुसून टाकेल किंवा नसलेली काढून देईल. चूक किती झाली हे पडताळायला मुख्य सिग्नल बाजूला असतो. नेटवर्कला आत दिली जाते ती फक्त आजूबाजूच्या सेन्सरांची साक्ष, आणि या साक्षीवरून मुख्य सिग्नलमध्ये किती नॉइज मिसळला असेल ते सांग, असं विचारतात. त्या साक्षीदारांना गुरुत्वीय लहर जाणवतच नाही, मग नेटवर्क वजा करेल ते नॉइजच असण्याची खात्री वाढते.

या पद्धतीने जो नॉइज वजा करून दाखवला, तो होता विजेच्या लाइनचा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथल्या दोन्ही लायगोंच्या आलेखात 60वर एक टोकदार शिखर असतं आणि आरशांच्या मंद हालचालींमुळे त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी शिखरं उगवतात. तिसरं लायगो आपल्याकडे होतंय, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. 2023च्या एप्रिलमध्ये त्याला 2,600 कोटींची मंजुरी मिळाली. गेल्या आठवड्यात हा आलेख वर्गात दाखवत होते. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग औंढ्याला ते शिखर पन्नासवर येणार ना?" आणि तिने टेबलावरच्या प्रोबला बोट लावलं.